हे जॅकेट कशापासून वाचवतं?

मी मोडनिंब परिसरातल्या बचत गटांच्या समन्वयाचं काम करते. आज हप्ता, व्याज, कर्जप्रकरण यातलं काही नाही. आज बोलायचंय कामावर घालायच्या कपड्यांबद्दल. आपल्यातल्या काही जणी ते घालतात, काही जणी ते शिवतात, आणि बऱ्याच जणींच्या घरातला माणूस ते घालून रोज बाहेर पडतो.

आपलं गाव पुणे-सोलापूर महामार्गावरचं. रस्ता झाडणाऱ्या, झाडांना पाणी घालणाऱ्या बायका आपण बघतो. अंगात पिवळं नाहीतर नारिंगी जॅकेट, त्यावर चंदेरी पट्ट्या. कारखान्याच्या गेटवर तेच, उसाच्या ट्रॅक्टरवर तेच आणि वेल्डिंगच्या दुकानातही तेच. सगळे त्याला 'सेफ्टी जॅकेट' म्हणतात. पण सेफ्टी कशापासून, हे कुणी विचारत नाही. आज तेवढंच विचारू.

हे जॅकेट एकाच गोष्टीपासून वाचवतं: गाडीवाल्याला आपण न दिसण्यापासून. त्यात दोन वेगळ्या वस्तू असतात. कापडाचा तो भडक रंग दिवसा आणि तिन्हीसांजेला काम करतो. उन्हातला जो भाग डोळ्यांना दिसत नाही, तोही हा रंग दिसणाऱ्या उजेडात बदलतो, म्हणून तो साध्या पिवळ्यापेक्षा उठून दिसतो. अंधार पडला की या रंगाचा उपयोग संपतो. तिथून पुढं काम चंदेरी पट्टीचं. तिच्यात काचेचे अगदी बारीक मणी किंवा तसेच बारीक लोलक असतात. गाडीच्या दिव्याचा उजेड त्यांच्यावर पडला की तो इकडेतिकडे न पसरता आला त्याच दिशेनं, म्हणजे चालकाच्या डोळ्यांकडे, परत जातो.

पट्टी खरी की नुसती चकचकीत, याचा साधा अंदाज घरी घेता येतो. रात्री जॅकेट दोरीवर टांगा. पन्नास-साठ पावलं मागं जा. बॅटरी कपाळाजवळ धरून उजेड टाका. खरी पट्टी पेटल्यासारखी दिसते. नुसतं चंदेरी कापड मंदच राहतं. हा फक्त अंदाज झाला, प्रमाणपत्र नव्हे.

पट्टी किती हवी, याचा हिशोब ठरलेला आहे. आयएसओ २०४७१ हे मानक बऱ्याच देशांत वापरतात. आपल्याकडे अशा कपड्यांसाठी आयएस १५८०९ हे भारतीय मानक आहे. आयएसओच्या मानकात तीन वर्ग आहेत. मधल्या, म्हणजे दुसऱ्या वर्गाच्या कपड्यात भडक कापड किमान अर्धा चौरस मीटर आणि चमकणारी पट्टी किमान ०.१३ चौरस मीटर लागते. शिलाईच्या भाषेत सांगते. पट्टी ५ सेंटिमीटर रुंद असेल, तर एका जॅकेटला २ मीटर ६० सेंटिमीटर पट्टी लागली. आणि ती अंगाभोवती फिरली पाहिजे. पुढं आणि मागंही.

हा आकडा का सांगते? आमच्या एका गटाकडे दोनशे जॅकेटांचं काम आलं होतं, ऊस वाहतुकीवरच्या माणसांसाठी. ज्यानं आणलं त्याचं नाव घेत नाही. त्यानं दिलेल्या नमुन्यात पुढं दोन पट्ट्या होत्या, पाठ कोरी. म्हणाला, "पट्टीच महाग पडते ताई, पाठीकडं कोण बघतंय?" वर आणखी एक मागणी, की लेबलवर आयएसचा नंबर छापून द्या.

गटाची बैठक बसली. पैसे सगळ्यांनाच हवे होते. एकीला मुलीची वसतिगृहाची फी भरायची होती. ती म्हणाली, आपण नाही शिवलं तर दुसरं कुणी शिवेल. खोटं नव्हतं ते. मग आमच्यातली एक मावशी बोलली. तिचा मुलगा कारखान्याच्या ट्रॅक्टरवर आहे. ती एवढंच म्हणाली, "अगं, गाडी मागनंच येते की."

आम्ही पाठीच्या पट्टीसह दर काढून दिला आणि नंबर छापणार नाही असं सांगितलं. काम गेलं. त्या महिन्यात चार जणींची मशीन बंद राहिली, आणि फीसाठी त्या बाईला गटातून अंतर्गत कर्ज घ्यावं लागलं. नाही म्हणणं स्वस्त पडलं नाही. पण परवाना नसताना आयएसआय चिन्ह छापणं हा कायद्यानं गुन्हा आहे. आणि खोटा नंबर वाचून कुणाचा मुलगा रात्री निर्धास्त रस्त्यावर उतरला असता.

आता दुसरी गोष्ट, जिच्याबद्दल फार गैरसमज आहे. हे चमकणारं जॅकेट आगीपासून वाचवत नाही. ते बहुतेक वेळा पॉलिस्टरचं असतं. पॉलिस्टर आणि नायलॉन तापले की वितळतात आणि कातडीला चिकटतात. साधं सुती कापड जळतं, पण असं वितळून चिकटत नाही. म्हणून वेल्डिंग करताना, बॉयलरजवळ, गुऱ्हाळाच्या चुलवणापुढं पॉलिस्टरचं जॅकेट घालणं म्हणजे एक धोका टाळताना दुसरा अंगावर घेणं. चुलीपुढं नायलॉनची साडी नको, असं आपण सुनेला सांगतो, तोच नियम इथंही.

आगीसमोरच्या कामाचं कापड वेगळं असतं. ते एकतर खास प्रक्रिया केलेलं सुती असतं, नाहीतर अरामिडसारख्या धाग्याचं. ज्योत लागली तरी ते पेट घेऊन वर चढत नाही आणि ज्योत काढली की लगेच विझतं. तपासणीत कापडाला दहा सेकंद ज्योत लावतात. ज्योत काढल्यावर ते दोन सेकंदांपेक्षा जास्त जळत राहता कामा नये, त्याला भोक पडता कामा नये, वितळून थेंब गळता कामा नयेत. उष्णतेजवळ काम करणाऱ्यांच्या कपड्यांसाठी आयएस १५७४८ हे भारतीय मानक आहे. शिवणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा. असं कापड साध्या पॉलिस्टर दोऱ्यानं शिवलं, तर आगीत कापड टिकतं आणि शिवण उसवते. दोराही ज्योतरोधकच लागतो. दोन्ही धोके असतील तिथं चमकणारी पट्टीसुद्धा ज्योतरोधक मिळते, तीच मागायची.

पण कपड्याकडून चमत्काराची अपेक्षा करू नका. १ जानेवारी २०२३ ला शेजारच्या बार्शी तालुक्यात पांगरीजवळ फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट झाला. त्याच वर्षी ८ डिसेंबरला पिंपरी-चिंचवडच्या तळवड्यात वाढदिवसाच्या फुलबाजीच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्यात आग लागली. दोन्हीकडे कामावरच्या बायका गेल्या. तिथं कुठलंही जॅकेट पुरलं नसतं. दारूगोळ्याची जागा, परवाना, बाहेर पडायची वाट हे सगळं आधी. कपडा सगळ्यात शेवटी येतो. म्हणून अंगात चांगला कपडा दिला, एवढ्यावर कुणी धोक्याच्या खोलीत बसा म्हणालं, तर बसू नका.

विकत घेताना लेबल बघा. त्यावर मानकाचा क्रमांक, आयएसआय चिन्ह आणि सीएम/एलनं सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो क्रमांक 'बीआयएस केअर' या मोबाईल ॲपवर टाकला, की परवाना खरा की खोटा ते समजतं. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयानं २०२३ मध्ये संरक्षक कापडांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला आहे. त्यामुळं ज्या गटांना हे काम घ्यायचंय, त्यांनी आधी बीआयएसच्या पुण्यातल्या शाखेत चौकशी करावी आणि मगच कापड आणावं. सोलापूर गणवेशांसाठी नावाजलेलं आहे. आपला हात शिलाईला कमी नाही. नीट कागदपत्रं करून या कामात उतरलो, तर पुढं आपल्याला वाव आहे.

धुण्याचंही सांगते. चमकणारं जॅकेट ब्रशनं घासू नका, मणी निघून जातात. पट्टीवर इस्त्री फिरवू नका. रंग उन्हात उडतो, म्हणून सावलीत वाळवा. ज्योतरोधक कपड्याला ब्लीच, स्टार्च, कपडे मऊ करायचं द्रव्य लावू नका. त्यावर तेल-ग्रीस साचू देऊ नका, कारण मळलेलं तेल पेट घेतं. लेबलवर किती धुण्यांपर्यंत कपडा चालतो ते लिहिलेलं असलं, तर तो आकडा पाळा. रंग फिका पडला, पट्टी चिरली, की ते जॅकेट शेतातल्या बुजगावण्याला द्या.

आणि कारखान्यात सुरक्षेची साधनं द्यायची मालकानं, फुकट. १९४८ च्या कारखाने कायद्यातच म्हटलं होतं की अशा सोयींचे पैसे कामगाराकडून घ्यायचे नाहीत. पगारातून जॅकेटचे पैसे कापले, तर एकटीनं भांडू नका. गटात सांगा, ग्रामसंघात मांडा, सगळ्या मिळून विचारायला जाऊ.

आज रात्री घरातलं जॅकेट दोरीवर टांगा आणि बॅटरी मारून बघा. पुढून बघून झालं की उलटं करून पाठही बघा. येत्या बैठकीत मला सांगा काय दिसलं ते.