हिस्लॉप, लिंगोचे गाणे आणि चांद्याचे अरण्य



सन १८६३ च्या सप्टेंबर महिन्यातील घटना आहे. नागपूरच्या दक्षिणेस बोरी येथे मध्य प्रांताचे प्रमुख अधिकारी रिचर्ड टेंपल यांचा मुक्काम होता. जवळच्या टाकळघाट परिसरात प्राचीन शिळावर्तुळे आहेत. ती पाहण्यासाठी टेंपल यांनी एका स्कॉटिश पाद्र्याला सोबत घेतले होते. त्यांचे नाव रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप. ४ सप्टेंबर रोजी वर्तुळांची पाहणी झाल्यावर टेंपल पुढे निघाले आणि हिस्लॉप तेथील शाळा तपासण्यासाठी मागे थांबले. सायंकाळी ते एकटेच घोड्यावरून निघाले. दरम्यान पावसाने वाटेतला ओढा भरला होता. मुक्कामावर घोडा पोचला, पण त्यावर स्वार नव्हता. शोध घेतल्यावर हिस्लॉप यांचा मृतदेह पाण्यात मिळाला. वयाची ४६ वर्षे पूर्ण व्हायला त्यांना चारच दिवस उरले होते.

नागपूरकरांना हिस्लॉप हे नाव महाविद्यालयामुळे परिचित आहे. ते महाविद्यालय त्यांच्या मृत्यूनंतर २० वर्षांनी, १८८३ मध्ये निघाले. खुद्द हिस्लॉप या प्रदेशात आले ते गोंडांसाठी. सर विल्यम हिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने आपल्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ या भागात मिशन काढण्याकरिता मोठी देणगी दिली होती. त्या देणगीवर फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडने हिस्लॉप यांची निवड केली. १८४४ च्या अखेरीस ते मुंबईस उतरले आणि १८४५ च्या आरंभी नागपुरात आले. तेव्हा गादीवर तिसरे रघूजी भोसले होते. चांदाही त्यांच्याच राज्यात होता.

गोंडांसाठी आलेले ते पहिले मिशनरी नव्हेत. त्यांच्या आधी तीन-चार वर्षे काही जर्मन मंडळी अमरकंटकाच्या पायथ्याशी, मंडला भागातील करंजिया येथे येऊन राहिली होती. त्यांच्यात पाद्री होता, शेतकरी होते, कारागीर होते. गोंडांमध्ये गोंडांसारखे कष्ट करून राहावयाचे, असा त्यांचा संकल्प होता. पहिल्याच पावसाळ्यात पटकीने गाठले आणि त्यांतील बहुतेक जण तेथेच मरण पावले. जे वाचले ते नागपूरच्या आश्रयास आले आणि पुढे हिस्लॉप यांना येऊन मिळाले. परक्या मुलखात, परक्या भाषेत, औषधावाचून मरणाऱ्या त्या माणसांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्यांचे उद्दिष्ट आपल्याला मान्य नसेल, पण त्यांनी मोजलेली किंमत खोटी ठरत नाही.

हिस्लॉप मराठी शिकले. नागपूर व कामठी येथे शाळा काढल्या. हिवाळ्यात ते दौऱ्यावर निघत, तेव्हा शास्त्रवचनांच्या पत्रिकांबरोबर दगड फोडण्याचा हातोडाही सोबत असे. भूशास्त्रात त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. आपले सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह नागपूर परिसरातील खडक व जीवाश्म यांवर त्यांनी लिहिलेला निबंध १८५५ साली लंडनच्या भूशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एका खनिजाला त्यांच्या नावावरून ‘हिस्लॉपाइट’ म्हणतात. मांगलीच्या वालुकाश्मातील प्राचीन उभयचराची कवटी असो किंवा प्राणहितेच्या काठी सिरोंच्याजवळ कोटा येथे मिळालेले माशांचे जीवाश्म असोत, चांद्याच्या जमिनीखालचा इतिहास युरोपच्या अभ्यासकांपुढे गेला तो याच काळात. त्याच सिरोंचा तालुक्यात आज वडधम येथे जीवाश्म उद्यान आहे.

परंतु दगडांहून मोठे काम दुसरेच होते.

गोंडांचे भाट म्हणजे परधान. वाद्य घेऊन ते यजमान गोंडांच्या घरी जातात आणि त्यांच्या कुळांची, देवांची कथा गाऊन सांगतात. हिस्लॉप यांनी एका परधानाच्या मुखातून लिंगोचे गाणे गोंडी शब्दांत जसेच्या तसे उतरवून घेतले आणि त्याचा अर्थ इंग्रजीत लावला. पूर्वेकडील अरण्यातील माडिया, पैनगंगेच्या काठचे नायकुडे अशा समूहांविषयीची टिपणेही त्यांनी केली होती. हे सर्व कागद त्यांच्या मृत्यूच्या वेळी हस्तलिखित स्वरूपात होते. ते टेंपल यांनी संपादित करून १८६६ मध्ये नागपूर येथे छापले. गोंडी भाषेतील एवढे दीर्घ गीत कागदावर उतरण्याची ती पहिली महत्त्वाची वेळ होती.

कथा थोडक्यात अशी. गोंड जन्मतात, पण महादेव त्यांना गुहेत कोंडून ठेवतात. पार्वती त्यांच्यासाठी तप करते. फुलातून लिंगो जन्माला येतो आणि बाहेर राहिलेल्या चार गोंड भावांबरोबर राहू लागतो. तेच भाऊ मत्सराने त्याचा वध करतात, अमृताने तो पुन्हा उठतो आणि कोंडलेल्यांना सोडवतो. वाटेत नदीला पूर येतो. पुसी नावाची मगर पार नेण्याचे वचन देते आणि मध्यप्रवाहात बुडवू पाहते. डामे नावाचा कासव वाचवितो. म्हणून गोंड कासवाला इजा करीत नाहीत. शेवटी लिंगो चार देव, पाच देव, सहा देव, सात देव अशी कुळांची वाटणी लावून देतो. गडचिरोलीतील लग्नसंबंध आजही या देवसंख्येवरून ठरतात.

आता एक प्रश्न विचारणे भाग आहे आणि तो पाद्र्यांना उद्देशून नाही. १७५१ मध्ये चांद्याचे गोंड राज्य भोसल्यांच्या ताब्यात आले आणि पुढे सुमारे शंभर वर्षे तेथे मराठी अंमल होता. कारकून, कमाविसदार, शास्त्री, पुराणिक सर्व काही होते. ज्या गीतात महादेव आणि पार्वती जागोजागी येतात, ते ऐकून लिहून ठेवावे असे शंभर वर्षांत एकाही शास्त्र्याला वाटले नाही. परधान दारात येत असतील, वाद्य वाजवीत असतील. त्यांना मूठभर धान्य घालून वाटेला लावले गेले. ऐकले ते डन्सहून आलेल्या एका स्कॉटिश माणसाने. गोंडांना हिंदू समाजाचे अविभाज्य अंग म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट स्वतःशी कबूल केल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही.

हिस्लॉप यांच्या हयातीत धर्मांतरितांची संख्या थोडीच राहिली. त्यांनी टिपण केलेल्या गोंडांमध्ये ख्रिस्ती किती झाले, हे पाहू जाता हाती फारसे काही लागत नाही. १८५७-५८ चा काळ तर या प्रदेशात होरपळीचा. मोलमपल्लीच्या बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले. ज्या राज्यसत्तेने ती फाशी दिली, तिच्याच अधिकाऱ्यांबरोबर मिशनरी फिरत होते. राजसत्ता आणि मिशन यांचे हे सान्निध्य पुढेही सुटले नाही.

चांद्यात प्रत्यक्ष ठाणे मांडले ते स्कॉटिश एपिस्कोपल चर्चने. तेथील सर्वांत ठसठशीत व्यक्ती म्हणजे अॅलेक्स वूड. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते चांद्यास आले आणि १९१९ पर्यंत त्यांचे कार्यक्षेत्र मुख्यतः हेच राहिले. चांद्याच्या मिशनवर त्यांनी लिहिलेले इंग्रजी पुस्तक १९०६ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे ते छोटानागपूरचे आणि १९२६ पासून नागपूरचे बिशप झाले. त्यांचे चरित्र लिहिणाऱ्या बिशप चॅटर्टन यांनी शीर्षकातच त्यांना मिशनरी, शिकारी आणि परोपकारी अशी तीन विशेषणे दिली आहेत. (मधले विशेषण चांद्याच्या वाघांना विचारून दिलेले नसावे.) तिकडे दक्षिणेस सिरोंच्यात अमेरिकन मेथडिस्टांनी शाळा आणि दवाखाना चालविला. जेथे सरकारी डॉक्टर पोचत नव्हता, तेथे त्यांचे औषध पोचत होते, हे नाकारता येणार नाही.

याच बिशप वूड यांच्याकडे १९३२ च्या सुमारास एका तरुण इंग्रज पाद्र्याचे प्रकरण आले. व्हेरियर एल्विन हे पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातून गांधीजींच्या सहवासात आलेले. जमनालाल बजाजांच्या सल्ल्याने ते आणि त्यांचे मराठी मित्र शामराव हिवाळे गोंडांत काम करण्यासाठी निघाले आणि राहिले कोठे, तर त्याच करंजियात, जेथे ९० वर्षांपूर्वी जर्मन मंडळी मेली होती. बिशपांनी धर्मकार्याचा परवाना देताना ब्रिटिश सम्राटाप्रती निष्ठेची शपथ मागितली. एल्विन यांनी ती घेतली नाही. गोंडांना ख्रिस्ती करण्यास तर त्यांचा नकारच होता. १९३५ मध्ये त्यांनी पाद्रीपदच सोडले. १९५४ साली ते भारताचे नागरिक झाले. हिवाळे यांचे नाव मागे पडले आहे, हे खेदाचे आहे. या मराठी माणसाने परधानांवर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला आणि तो १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या परधानाने हिस्लॉप यांना गाणे सांगितले त्याचे नाव सर्वपरिचित नाही. हिवाळ्यांनी त्या जातीचे ऋण काही अंशी तरी फेडले.

सेवा आणि धर्मांतर यांचा संबंध काय असावा, हा प्रश्न स्वातंत्र्यानंतर सरकारपुढेही आला. १४ एप्रिल १९५४ रोजी तत्कालीन मध्य प्रदेश शासनाने न्यायमूर्ती डॉ. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सदस्यांत एस. के. जॉर्ज हे ख्रिस्ती गृहस्थही होते. १९५६ च्या अहवालाने शाळा, दवाखाने आणि परदेशी पैसा यांचा धर्मांतरासाठी होणाऱ्या वापरावर कठोर शब्दांत टीका केली. मिशनऱ्यांच्या संस्थांनी ते निष्कर्ष एकांगी ठरविले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विदर्भ मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला. त्यामुळे पुढे १९६८ मध्ये मध्य प्रदेशाने केलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा चांद्याला लागू होण्याचा प्रश्नच उरला नाही. याच १९५६ च्या १६ ऑक्टोबरला चांद्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते लक्षावधींनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मिशनच्या अनेक दशकांच्या खटाटोपाने जे झाले नव्हते, ते येथील दलित समाजाने स्वतःच्या नेत्याच्या शब्दावर, वेगळ्या दिशेने केले.

अहवालाने रोग सांगितला. औषध माणसांनाच व्हावे लागते. विदर्भातील वकील बाळासाहेब देशपांडे यांनी १९५२ मध्ये जशपूर येथे वनवासी कल्याण आश्रम सुरू केला. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमट्यांनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प उभा केला. तेथे डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी आधी माडिया भाषा आत्मसात केली, तेव्हा कोठे रोगी मोकळेपणाने बोलू लागले. १९८६ पासून डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीत आहेत. यांपैकी काहींचे विचार या व्यासपीठाशी जुळणारे नाहीत. तरी मलेरियाच्या रुग्णाला रात्री-अपरात्री दार उघडे मिळाले आणि त्याबदल्यात त्याच्या देवाची चौकशी झाली नाही, ही गोष्ट सर्वांनाच मान्य व्हावी.

लिंगोच्या गाण्यावरचा वाद मात्र मिटलेला नाही. नागपूरचे गोंड अभ्यासक मोतीरावण कंगाली यांनी पारी कुपार लिंगो हा स्वतंत्र कोया पुनेमचा प्रवर्तक असल्याचे आग्रहाने मांडले. त्यांच्या मते गोंडांची धर्मव्यवस्था हिंदू परंपरेहून भिन्न आहे. उलट बाजूने गाण्यातील महादेव-पार्वतीकडे बोट दाखविले जाते. ही चर्चा गोंडांना वगळून, त्यांच्या पाठीमागे करण्याचा अधिकार कोणालाही नाही. आणि त्यांच्याशी करायची तर त्यांची भाषा यावी लागते. सेतुमाधवराव पगडी हैदराबाद संस्थानात अधिकारी असताना गोंडी शिकले आणि त्या भाषेचे व्याकरण त्यांनी लिहिले. मराठी माणसांत अशी उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकीच निघतात.

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मोहगाव नावाचे गाव आहे. २०१९ मध्ये तेथील ग्रामसभेने स्वतःच्या बळावर गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. शासकीय मान्यतेचा प्रश्न उभा राहिला आणि वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. ज्या भाषेतले गाणे हिस्लॉप यांनी लिहून घेतले, त्या भाषेत तेथील मुले अक्षरे गिरवू लागली. यावेळी लिहून घेणारेही गोंडच होते.