वारसा आणि लेखणी



राजकीय घराण्यांतील लेखकांचा सार्वजनिक जीवनातील प्रवेश हा मुंबईत भरलेल्या या संमेलनाचा विषय आहे. पाकिस्तानच्या लेखिका फातिमा भुट्टो हे या विषयाचे ठळक उदाहरण असून त्यांच्या घराण्याचे मुंबईशी जुने नाते आहे. १९३६ पर्यंत सिंध प्रांत मुंबई इलाख्यात मोडत असल्यामुळे त्यांचे पणजोबा सर शाहनवाज भुट्टो यांनी मुंबई सरकारात मंत्रिपद सांभाळले, तर आजोबा झुल्फिकार अली यांनी येथील कॅथीड्रल शाळेत शिक्षण घेतले.

एकाच कुटुंबातील अनेक जण राजकारणात असणे म्हणजे घराणेशाही नव्हे. पक्षाचे नेतृत्व मालमत्तेप्रमाणे वारसाहक्काने सोपविले जाऊ लागते, तेव्हा त्याला घराणेशाही म्हणतात. डिसेंबर २००७ मध्ये माजी पंतप्रधान बेनझीर भुट्टो यांची हत्या झाल्यावर त्यांच्या इच्छापत्राचा दाखला देत पाकिस्तान पीपल्स पार्टीचे नेतृत्व पती आसिफ अली झरदारी व १९ वर्षांचे पुत्र बिलावल यांच्याकडे गेले. बेनझीर यांची भाची, तेव्हा २५ वर्षांच्या असलेल्या फातिमा यांनी मात्र जन्मसिद्ध नेतृत्वाला जाहीर विरोध केला आणि निवडणुकीपासून दूर राहून लेखणीच्या वाटेने सार्वजनिक जीवन पत्करले.

ही वाट सुखाची नव्हती. २० सप्टेंबर १९९६ रोजी कराचीत घराजवळच त्यांचे वडील मुर्तझा पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. आवाज ऐकताच १४ वर्षांच्या फातिमांनी धाकट्या भावाला खिडकी नसलेल्या खोलीत नेऊन बसविले आणि मग त्या वेळी पंतप्रधान असलेल्या आत्या बेनझीर यांच्या निवासस्थानी दूरध्वनी केला, असे त्यांनी स्वतः लिहिले आहे. ‘साँग्ज ऑफ ब्लड अँड स्वोर्ड’ (२०१०) या ग्रंथात हा कौटुंबिक इतिहास आला असून, वडिलांवरील मायेमुळे त्यातील कल लपत नाही, म्हणून तो इतर साधनांशी ताडून वाचणे अगत्याचे ठरते. तथापि त्यांचे लेखन घरापुरते राहिले नाही. पाकिस्तानातील ऑक्टोबर २००५ च्या भूकंपातून वाचलेल्यांच्या हकिकती त्यांनी पुस्तकरूपाने मांडल्या आणि त्या पुस्तकाला भूकंपाची वेळ, सकाळचे ८.५०, हेच नाव दिले. पुढे ‘द शॅडो ऑफ द क्रेसेंट मून’ (२०१३) या कादंबरीत वझिरिस्तानातील मीर अली गावातील भावंडांची कथा सांगितली.

घराण्याचे नाव दार उघडून देते, हे सत्य नाकारण्यात अर्थ नाही. प्रकाशक आणि वाचक अशा लेखकाकडे लवकर वळतात. त्यामुळे मिळालेला हा लाभ लेखक कोणाच्या कामी लावतो, घराण्याच्या गौरवासाठी की ज्यांचा आवाज कोणी ऐकत नाही त्यांच्यासाठी, हीच त्याची खरी कसोटी होय. मतपेटी लोकप्रतिनिधीला ठराविक काळाने तपासते. लेखकाला तपासण्याचे काम वाचकांना आणि समीक्षकांना करावे लागते.

महाराष्ट्रातही आमदारकी-खासदारकी पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात राहिल्याची उदाहरणे जिल्ह्याजिल्ह्यांत आढळत असल्याने ही चर्चा परकी नाही. अशा घरांतील तरुणांनी कुटुंबाच्या सत्तेचा हिशेब निर्भीडपणे लिहावा आणि वाचकांनी आडनाव बाजूला ठेवून त्या लेखनाची पारख करावी, असे आवाहन स्वागत समिती करीत आहे.