दुर्बिणीत न मावणारे गाव

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



कार्यकर्त्याच्या एकटेपणाची चर्चा चळवळीत क्वचितच होते. विरोधकांच्या गर्दीत तो एकटा उभा राहिला तर त्याचे कौतुक होते. घरच्यांनी त्याला वेड्यात काढले तर त्याला सहानुभूती मिळते. परंतु ज्यांच्यावर त्याचा लोभ आहे, ज्यांच्या संगतीत त्याचे मन रमते, त्याच माणसांत त्याला परके वाटू लागले, तर ते दुःख सांगायला त्याला जागा उरत नाही. आजचा विषय हा आहे. त्यासाठी दूरचे उदाहरण शोधण्याची गरज नाही. इंदापूर आणि बारामती या दोन तालुक्यांत ते दर हिवाळ्यात घडते.

थंडीच्या दिवसांतील एखाद्या रविवारी पहाटे भिगवणजवळ कुंभारगावच्या काठावर पुण्या-मुंबईच्या मोटारी येऊन थांबतात. गळ्यात दुर्बिणी, खांद्यावर लांब भिंगांचे कॅमेरे अशी मंडळी होड्यांत बसतात. धुके विरळ झाले की उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचा थवा दिसू लागतो. चित्रबलाक, चक्रवाक, पट्टकादंब, नदीसुरय अशी एकेक ओळख पटत जाते. या मंडळींत इंदापूर तालुक्यातील एक कार्यकर्ता आहे, असे समजावे. अनेक वर्षे तो पक्षी पाहत आला आहे. येथे त्याला कोणी जात विचारत नाही, पक्ष विचारत नाही. विचारतात ते पाखराचे नाव. ही समता खोटी नाही आणि तिचा आनंदही खोटा नाही.

मग होडीतील कोणीतरी म्हणते, “किती निर्मळ निसर्ग! इथे माणसाचा हातच लागलेला नाही.” सगळे माना डोलावतात. कार्यकर्ता मात्र गप्प राहतो. कारण हे पाणी माणसानेच अडवलेले आहे आणि त्याच्या तळाशी गावे आहेत, हे त्याला ठाऊक असते.

भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाला यशवंतसागर म्हणतात. इंदापूर, दौंड, करमाळा, माढा, कर्जत अशा तालुक्यांतून हे पाणी पसरले आहे. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी असून त्यातील निम्म्याहून अधिक मृतसाठा आहे. म्हणून उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत ‘उजनी उणे’ अशी बातमी येते तेव्हाही तळाशी पाणी असते. नदीकाठची काळी जमीन, मळे, देवळे, वाडे या पाण्याखाली गेले. जुन्या पळसदेवचे दगडी देऊळ पाणी फार उतरले की आजही उघडे पडते आणि माणसे ते पाहायला जातात. डिकसळचा जुना रेल्वेपूल पाण्यात पाय रोवून उभा आहे.

रोहित पक्षी येथे येतात तेही या धरणामुळेच. पाणी उतरू लागले की काठावरचा सपाट गाळ उघडा पडतो, घोटाभर पाण्याची दलदल तयार होते आणि त्या दलदलीतील सूक्ष्म जीवांवर व शेवाळावर हा पक्षी जगतो. ज्या गाळात तो चोच बुडवतो तो कोणा शेतकऱ्याच्या रानाचा गाळ आहे. तेव्हा होडीतून दिसते ते दृश्य ‘निसर्ग’ या एका शब्दात मावत नाही. सरकारी नियोजन, उसाचे अर्थकारण, पुण्याचे सांडपाणी आणि विस्थापितांचा त्याग या सर्वांच्या जमाखर्चातून ते निर्माण झाले आहे. कार्यकर्त्याला सौंदर्य दिसत नाही असे नव्हे. त्याला सौंदर्याबरोबर त्याची किंमतही दिसते, आणि ती किंमत बोलून दाखविली तर सहलीचा रंग उतरेल, याची त्याला भीती वाटते.

दुसरा प्रसंग बारामती तालुक्यातील आहे. नीरा डाव्या कालव्याने या तालुक्याचा एक भाग हिरवा केला. सुपे-मोरगावचा पट्टा मात्र जिरायतच राहिला. सुपे येथे १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य झाले. जेमतेम ५ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य चिंकारा हरणांसाठी आहे. इंदापूरच्या कडबनवाडीचे गवताळ रानही चिंकारा आणि लांडगा यांच्यासाठी प्रसिद्ध आहे. छायाचित्रे काढून झाल्यावर चहाच्या टपरीवर चर्चा रंगते. कोणी म्हणते, “या मेंढ्यांना आधी हाकलले पाहिजे.” दुसरा त्यावर मोर्चे, आरक्षण आणि रस्ता अडविणारे लोक यांबद्दल एक विनोद करतो. हशा पिकतो. ज्या मेंढपाळाच्या बाजूने कार्यकर्त्याने तहसील कचेरीवर निवेदने नेली, तो मेंढपाळ त्या हशाचा विषय असतो. कार्यकर्ता चहाच्या कपाकडे पाहत राहतो.

वस्तुतः गवताळ रान, मेंढी, मेंढपाळ आणि लांडगा यांचा संबंध फार जुना आहे. लांडगा कळपाच्या मागे फिरत आला; मेंढपाळ त्याला शिव्या देत आणि राखणीला कुत्री ठेवत त्याच्यासह जगत आला. अतिचराईने गवत संपते हे खरे. परंतु गवताळ रानाचा मोठा शत्रू नांगर, प्लॉट आणि कुंपण हा आहे. हे सर्व कार्यकर्त्याला माहीत असूनही तो बोलत नाही.

मग तो परत येतो आणि पक्षाच्या कचेरीत बसतो. तेथे कोणीतरी विचारतो, “काय साथी, रविवारच्या बैठकीला नव्हता? पाखरे मोजत होता काय?” येथेही हशा पिकतो. पुढच्या रविवारी तो दुर्बीण पिशवीच्या तळाशी, पत्रकांच्या गठ्ठ्याखाली लपवून नेतो. होडीत राजकारण लपवायचे आणि कचेरीत छंद, अशी त्याची अवस्था होते. दोन्ही ठिकाणी तो अर्धाच माणूस म्हणून वावरतो. ही स्थिती केवळ एका व्यक्तीच्या मनाची अडचण म्हणून सोडून देता येणार नाही. तिच्यात चळवळीचाही दोष आहे.

ज्या रविवारी पक्षीनिरीक्षक होडीत बसतो, तो सुटीचा रविवारसुद्धा राजकारणातून आला आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १८९० साली कामगारांना रविवारची साप्ताहिक सुटी मिळवून दिली. फुरसत ही कामगारांनी मागून, भांडून घेतलेली वस्तू आहे. मग त्या फुरसतीत कोणी पाखरे पाहिली, तबला वाजवला किंवा तालमीत शड्डू ठोकला, तर समाजवाद्याने नाक का मुरडावे? माणसाला भाकरी मिळावी आणि भाकरीनंतरचा वेळही मिळावा, यासाठीच तर हा खटाटोप आहे. छंदाला श्रीमंतांची चैन म्हणून हिणविणारा कार्यकर्ता नकळत एवढेच मान्य करतो की, आनंद ही श्रीमंतांचीच मालमत्ता आहे.

छंद आणि राजकारण एका माणसात नांदू शकत नाहीत, असेही नाही. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव काँग्रेसच्या स्थापनेमुळे सर्वांना परिचित आहे. हाच ह्यूम भारतीय पक्षिशास्त्राच्या पायाभरणीतील प्रमुख पुरुष होता. इंग्रज अधिकाऱ्यांचे मोठे जाळे त्याला देशभरातून पक्ष्यांची माहिती पाठवीत असे. सरकारने १८७९ साली त्याला सचिवपदावरून दूर केले. १८८५ साली त्याने आपला हजारो पक्ष्यांचा संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला दिला आणि त्याच वर्षी मुंबईत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. ज्यांच्याशी छंदाचे नाते होते त्यांच्या राज्यालाच प्रश्न विचारणाऱ्या संस्थेत तो उभा राहिला. ह्यूमचे राजकारण समाजवाद्यांचे नव्हे. पण छंदातील सोबत्यांहून वेगळे मत बाळगणे ही गोष्ट नवी नाही, एवढे त्यावरून कळते.

अशा कार्यकर्त्यापुढे तीन सोपे मार्ग असतात आणि तिन्ही चुकीचे आहेत. पहिला मार्ग छंद सोडण्याचा. त्याने काय साधते? होडीतून एक माणूस कमी होतो आणि विस्थापितांच्या बाजूचा तेथील एकमेव साक्षीदार निघून जातो. दुसरा मार्ग कायमचे गप्प राहण्याचा. मौन हे तेथे संमती म्हणूनच धरले जाते. तिसरा मार्ग व्याख्यान झोडण्याचा. थवा उडत असताना पुनर्वसन कायद्याची कलमे सांगणाऱ्या माणसाचे कोणी ऐकत नाही, आणि न ऐकणाऱ्यांचा तो दोषही नव्हे.

योग्य मार्ग अधिक साधा आणि अधिक कठीण आहे. कार्यकर्त्याने आपली पूर्ण ओळख घेऊन त्या होडीत बसावे. ‘इथे माणसाचा हातच लागलेला नाही’ असे कोणी म्हणाले, तर त्याने काठाकडे बोट दाखवून पाण्याखालच्या गावाचे नाव सांगावे. एवढेच सांगावे. आणि मग होडी वल्हविणाऱ्याला बोलते करावे. कुंभारगावच्या काठावरील अनेक नावाडी मूळचे मासेमार आहेत. कोणता पक्षी कोणत्या बेटावर उतरतो, कोणत्या वाऱ्याला उठतो, हे त्यांना पुस्तकाविना ठाऊक आहे. तरी पाहुण्याला ‘पक्षीमित्र’ म्हणतात आणि त्याला ‘होडीवाला’. हा शब्दांतील भेदसुद्धा वर्गभेदच होय. नावाड्याने चिलापीच्या बाजाराचे, काठाला साचणाऱ्या काळ्या पाण्याचे आणि गेलेल्या जमिनीचे दोन शब्द सांगितले, तर ते कार्यकर्त्याच्या दहा भाषणांहून अधिक उतरतील.

येथेच दोन्ही बाजूंचे हित एकत्र येते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून उजनीत येते. त्याने मासेमाराचा धंदा बुडतो, काठच्या गावांचे पिण्याचे पाणी नासते आणि पाखरांचे जीवनही धोक्यात येते. पक्षीनिरीक्षक वर्षानुवर्षे ज्या नोंदी ठेवतात, त्या नोंदी मासेमाराच्या तक्रारीला पुरावा म्हणून उपयोगी पडू शकतात. ही युती घडवायची तर दोघांच्या ओळखीचा माणूस लागतो, आणि तो माणूस होडीत अवघडून बसलेला कार्यकर्ताच आहे.

त्याच पाण्यावर दुसऱ्याही होड्या चालतात. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली. एक जण पोहून काठाला लागला. सहा जण बुडाले. ही माणसे सहलीला निघाली नव्हती. धरणाने दोन काठ तोडले, रस्त्याने जायचे तर कित्येक कोसांचा वळसा, म्हणून तेथील लोक होडीने ये-जा करीत आले आहेत. पुलाची मागणी जुनी आहे. ज्याने हे पाणी पाखरांसाठी प्रेमाने पाहिले आहे, त्याला हे सांगितले तर तो ऐकणार नाही, असे आधीच का गृहीत धरावे? परकेपणाच्या भावनेत पुष्कळदा समोरच्याविषयीचा अविश्वास लपलेला असतो.

आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. छंदानेही चळवळीला शिकविले आहे. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, ही चळवळीची जुनी आणि न्याय्य मागणी. परंतु सरकारी दप्तरात ‘पड’ म्हणून नोंदलेले सुप्याचे रान हे मेंढपाळाचे कुरण आहे, चिंकाऱ्याचे घर आहे, ही जाणीव त्या मागणीत नव्हती. ती पाखरे आणि हरणे पाहणाऱ्यांनी दिली. धरणांबाबतही असेच. १९२१ च्या मुळशी सत्याग्रहाचा वारसा सांगणाऱ्यांनीच पुढे धरणांकडून दुष्काळ हटण्याची आशा धरली. आणि विस्थापितांच्या लढ्यांनंतर १९७६ साली राज्यात पुनर्वसनाचा कायदा झाला. उजनीच्या पाण्याने अनेकांचे संसार उभे राहिले, हेही तितकेच खरे. म्हणून होडीत बसणाऱ्या कार्यकर्त्याने न्यायाधीशाचा आव आणू नये. त्या पाण्याचा लाभ आणि त्या पाण्याचे देणे, दोन्ही त्याच्याही खात्यावर आहेत.

पुढच्या रविवारी त्याने दुर्बीण लपवून नेऊ नये. शनिवारच्या बैठकीत ती टेबलावर ठेवावी, आणि कोणी विचारले तर एखाद्या तरुण साथीला बरोबर घेऊन जावे. कुंभारगावच्या काठावर होडीत बसताना नावाड्याला आधी त्याचे गाव विचारावे. आताचे नव्हे, जुने. उत्तर सगळ्या होडीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारावे, आणि मग सर्वांबरोबर पाखरे पाहावीत.