गटारात जाणारा कोळसा

सुरतेच्या पांडेसरात मी डाइंग हाऊसचा बॉयलर सांभाळतो. पॉलिएस्टर १३० अंशांवर रंगतं. रंगाईनंतरचं ७०-८० अंशांचं पाणी आम्ही सरळ गटारात सोडायचो.

एकदा हिशेब मांडला. १,००० लिटरमधून ४० अंश काढून घेतले, तर ४०,००० किलोकॅलरी. बॉयलरचा तोटा धरून हा झाला सुमारे १३ किलो कोळसा, म्हणजे वीसेक किलो कार्बन डायऑक्साइड.

शेठना पटवून हीट एक्स्चेंजर बसवला. आठ दिवसांत तो तंतूंनी तुंबला. चूक माझीच, आधी गाळणी हवी होती. ती लावली. आता ताजं पाणी कोमट होऊनच मशीनला जातं.

तरीही उष्णता उरते. शेजारच्या युनिटला ती हवी आहे. मध्ये फक्त भिंत आहे. डेन्मार्कच्या कालुंडबोर्गमध्ये वीजकेंद्राची वाफ पाइपने शेजारच्या कारखान्यांत जाते. पाइप टाकणं सोपं आहे. पण माझं मशीन बंद पडलं, तर शेजाऱ्याचं काय? हे आधी कागदावर ठरवावं लागतं. आम्ही आता तिथेच अडलो आहोत.

तुम्ही उद्या एवढंच करा: आपल्या गटाराच्या तोंडाशी थर्मामीटर धरा.