महिरप म्हणजे काय?

(मंदिर जीर्णोद्धार समारंभात केलेले भाषण)



सभामंडपातील जुनी चुन्या-विटांची महिरप पाडून तिथे सरळ तुळई टाकावी, असा विचार जीर्णोद्धाराच्या एका बैठकीत निघाला होता. "हा शब्दच आपला नाही, मग ही वस्तू देवळात कशाला?" असे एका वडीलधाऱ्यांनी विचारले. मला उत्तर देता आले नाही. मी गप्प बसलो. नंतर शोध घेऊन जे समजले, ते आज आपणांपुढे ठेवतो.

त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. 'महिरप' हा शब्द अरबी 'मिहराब'वरून आला. मशिदीच्या भिंतीत मक्केची दिशा दाखविणारा कोनाडा म्हणजे मिहराब. त्याचा माथा बहुधा कमानीचा असतो, म्हणून मराठीत ते नाव कमानीलाच चिकटले. 'कमान' शब्दही फारसी, अर्थ धनुष्य. आपण 'तीरकमान' म्हणतो, ती हीच. 'तोरण' मात्र संस्कृत. पण सांचीची तोरणे म्हणजे उभे खांब आणि त्यांवर आडव्या शिळा. त्यांत कमान नाही.

आपल्याच वैनगंगेच्या काठी, खाली चामोर्शी तालुक्यात मार्कंड्याचे प्राचीन देवालय आहे. तेही खांब-तुळयांचे. दगड दाब सोसतो, वाक सोसत नाही; लांब तुळई मधोमध तडकते. म्हणून अशा देवळांत खांब जवळजवळ असतात. कमानीत प्रत्येक वीट शेजारच्या विटेला रेटते आणि सगळा भार दोन्ही बाजूंच्या पायांवर उतरतो. ही विद्या आपल्या देशाला अगदीच नवी नव्हती. कानपूरजवळ भितरगावच्या गुप्तकालीन विटांच्या देवळात कमान आहे. पुढे चंद्रपूरच्या गोंड राजांनी परकोटाच्या दरवाजांना कमानी बांधल्या, आणि मराठेशाहीत पाकळ्यांची महिरप वाड्यांत व देवळांत सर्रास दिसू लागली.

आज आपल्या आयाबहिणी जेवणाच्या पानाभोवती रांगोळीची महिरप काढतात. शाळेतली मुले गणितात महिरपी कंस घालतात. मी ज्या कचेरीत काम करतो त्या तहसिलीचे नाव अरबी आणि माझ्या पदाचे, कारकुनाचे, नाव फारसी. म्हणून कोणी सातबारा घ्यायचा थांबला आहे काय?

शेवटी मिस्त्रीने पाहणी केली. विटा शाबूत होत्या, फक्त दरजांतला चुना गेला होता. समितीने महिरप राखली, याचा मला आनंद वाटतो. प्रश्न विचारणारे वडीलधारेच नंतर चुन्याच्या खर्चासाठी पहिली देणगी घेऊन आले, हे इथे मुद्दाम सांगतो.

उद्या मुलांनी विचारले, तर सांगा : नाव दुरून आले, पण ज्यांनी ती बांधली आणि ज्यांनी ती राखली, ते हात याच गावचे.