शेळी उगाच ओरडत नाही



दिवेलागणीला शेळ्या माळावरून परतल्या की दारात काय गलका होतो, ते तुम्हाला सांगायला नको. डालग्याखालची करडं आतून ओरडतात, शेळ्या बाहेरून ओ देतात. डालगं उचललं की जे ते करडू आपापल्या आईच्या कासेला लागतं. हे कसं जमतं, ते आज आम्ही सांगणार आहोत.

आपल्या कानाला सगळ्यांचं 'बें' सारखंच. पण प्रत्येक करडाचा आवाज निराळा असतो. इंग्लंडमध्ये एलोडी ब्रीफर आणि ॲलन मॅकएलिगॉट या अभ्यासकांनी करडांचे आवाज रेकॉर्ड करून शेळ्यांना ऐकवले. करडं तेव्हा पाच आठवड्यांची होती. परक्या करडाच्या आवाजापेक्षा आपल्या करडाच्या आवाजाला शेळ्यांनी जास्त ओ दिली. करडांनीही आईचा आवाज ओळखला.

पुढची गोष्ट आणखी नवलाची. दूध तुटल्यावर ७ ते १३ महिन्यांनी त्याच शेळ्यांना तेच जुने आवाज पुन्हा ऐकवले. तोवर त्यांना नवी करडं झाली होती. तरी कळपातल्या दुसरीच्या करडापेक्षा आपल्या आधीच्या करडाच्या आवाजाकडे त्यांनी जास्त लक्ष दिलं. हा अभ्यास २०१२ साली छापून आला.

एकत्र वाढलेल्या करडांचे आवाज हळूहळू एकमेकांसारखे होतात, हेही त्यांना दिसलं. आपल्याकडे गावागावाची बोली असते ना, तसंच!

शेळीला ही ओळख का लागते? मोकळ्यावर व्यालेली शेळी पहिले काही दिवस करडू झुडपाच्या आडोशाला ठेवून चरायला जाते. परत आल्यावर हाक देते, करडू उत्तर देतं. लांबून ओळख आवाजाची. जवळ आल्यावर मात्र ती करडाला हुंगते आणि वासानं खात्री करते. वास परका वाटला तर पाजत नाही, ढुशी मारते.

म्हणून तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

एक, शेळी व्याली की करडू लगेच उचलून नेऊ नका, धुऊ नका. नाका-तोंडातला चिकटा तेवढा काढा आणि तिला चाटू द्या. त्या पहिल्या तासाभरात तिला वासाची ओळख पटते. ती हुकली तर आपलंच करडू ती झिडकारू शकते. मग चीक मिळत नाही आणि करडू हाताचं जातं. गटाचं कर्ज काढून शेळी घेतलेल्या बाईला हा घाटा परवडत नाही.

दोन, शेळीला एकटं कोंडू नका. ती कळपाची आहे. एकटी पडली की घाबरते, सारखी ओरडते. आजारी शेळी वेगळी बांधावी लागली, तरी बाकीच्यांचा आवाज तिला येईल अशी बांधा.

तीन, ओरडणं कान देऊन ऐका. करडाला जवळ घेताना शेळी तोंड मिटून हळू, घशातल्या घशात हुंकारते. चुकामूक झाली की तोंड उघडून मोठ्यानं ओरडते. रोज ओ देणारं करडू एखाद्या संध्याकाळी गप्प राहिलं, तर आधी त्याच्याकडे बघा.

आपल्या गोठ्यातली कुठली हाक कुणाची, हे आपल्यातल्या कितीतरी जणी न बघता सांगतात. तुम्ही ओळखता का? गटाच्या बैठकीत बोला, आम्हाला कळवा. पुढच्या वेळी आपण अंड्यातून आईला साद घालणाऱ्या पिलाबद्दल बोलू. तोवर रामराम!