‘प्रेसला आहे’

नाशिकरोडला सोयरिकीच्या बोलण्यांत ‘मुलगा प्रेसला आहे’ असं म्हटलं, की पुढे फार सांगावं लागत नाही. तिथे प्रेस म्हणजे नोटांची, नाहीतर तिकिटांची. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ची. त्याआधी देशाची टपाल तिकिटं लंडनहून छापून येत. १९२८मध्ये शेजारी करन्सी नोट प्रेस उभी राहिली आणि पाच रुपयांची नोट इथे छापली गेली. तेव्हापासून या भागातल्या कित्येक घरांची चूल प्रेसच्या पगारावर पेटली.

कारखान्यांच्या सातपूरला मात्र मुलगा ‘प्रेसला’ नसतो, ‘प्रेसवर’ असतो. पॉवर प्रेसवर. खाली डाय, वर पंच, मध्ये पत्रा. एका ठोक्यात भाग तयार. चांगल्या शॉपमध्ये ही प्रेस दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय खाली येत नाही, कारण एक हात मोकळा राहिला तर तो डायमध्ये जाऊ शकतो. त्या दोन बटणांनी किती बोटं वाचवली असतील!

मराठीचं सामर्थ्य इथे दिसतं. शब्द इंग्रजीचा, पण त्याचे अर्थ वेगळे काढले ते आपल्या प्रत्ययांनी आणि क्रियापदांनी. मंत्र्यांनी प्रेस घेतली म्हणजे पत्रकार परिषद. शर्ट प्रेस केला म्हणजे इस्त्री. प्रेसमधून फोन आला म्हणजे वर्तमानपत्राच्या कचेरीतून. गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेला बसलेल्या कुणालाही यातला फरक समजावून द्यावा लागणार नाही.

या सगळ्यांच्या मुळाशी क्रिया एकच, दाबण्याची. पंधराव्या शतकात गुटेनबर्गने जर्मनीत छपाईचं यंत्र केलं, तेव्हा नमुना होता द्राक्षं पिळायच्या स्क्रूच्या दाबयंत्राचा. छापखान्याला प्रेस हे नाव पडलं ते या दाबण्यावरून, आणि छापखान्यावरून ते वर्तमानपत्रांना मिळालं. आज गंगापूरच्या बाजूला वायनरीत तीच जुनी प्रेस नव्या रूपात भेटते. आडव्या पिंपात रबरी पिशवी हळूहळू फुगते आणि द्राक्षं कडेला दाबली जातात. दाब बेतानेच द्यायचा. बी चिरडली तर रसाला कडवटपणा येतो. द्राक्षाची प्रेस आणि नोटेची प्रेस एकाच गावाच्या दोन अंगांना नांदावी, हा योग नाशिकच्या वाट्याला आला आहे.

नोटेवरचा दाब तर हाताला कळतो. शंभराच्या कोऱ्या नोटेवर गांधीजींच्या चित्रावरून अंगठा फिरवला, तर रेषा उंचवट्यासारख्या लागतात. कोरलेल्या पत्र्याच्या खाचांत शाई भरून त्यावर कागद जोराने दाबला जातो. कागद खाचेत शिरतो आणि शाई वर उचलून घेतो. नोटेच्या दोन्ही कडांना तशाच उठावाच्या तिरक्या रेघा असतात, शंभरला चार, पाचशेला पाच. दृष्टिहीन माणूस बोटांनी त्या मोजतो आणि मगच नोट पुढे करतो.